बिझनेस क्लासचं तिकीट आणि इमिग्रेशनची रांग: वेळ खरंच वाचतो का?

गलबत (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी,

कामानिमित्त परदेशी फेऱ्या वाढल्या आहेत. लांबच्या उड्डाणांना कंपनी बिझनेस क्लासचं तिकीट देते. चेक-इनला वेगळी रांग, सुरक्षा तपासणीला वेगळी रांग, विमानात आधी प्रवेश, सगळं मिळतं. पण विमान उतरलं की चित्र बदलतं. इमिग्रेशनच्या हॉलमध्ये पोचावं तर आधीच दोन-तीन मोठी विमानं रिकामी झालेली असतात आणि रांग दोरांच्या वळणांतून थेट जिन्यापर्यंत आलेली असते. तिथे तिकीट कोणत्या वर्गाचं होतं हे कोणी विचारत नाही. बाहेर गाडी उभी, तासाभरात बैठक, आणि आपण हातात पासपोर्ट घेऊन तसूतसूने पुढे सरकतोय.

काही विमानतळांवर उतरल्यावरही 'फास्ट ट्रॅक' अशी पाटी दिसते, काही ठिकाणी ई-गेट (पासपोर्ट आणि चेहरा ओळखून आपोआप उघडणारी दारं) आहेत, काही देशांत आधी नोंदणी करायची योजना आहे. यातलं नक्की काय उपयोगी पडतं? जास्त पैसे देणाऱ्या प्रवाशाला इमिग्रेशनमध्ये खरंच वेळ वाचवता येतो, की ती सोय विमानाच्या दारापर्यंतच असते? वरचेवर प्रवास करणाऱ्यांनी अनुभव लिहावेत ही विनंती.

खिडकीचीसीट
चांगला विषय. वाचतोय.

दुर्बीण
गलबत, तुमच्या प्रश्नाचं उत्तर प्रश्नातच आहे. तिकीट विमान कंपनी विकते, इमिग्रेशनचं काउंटर सरकारचं असतं. कंपनी फार तर काउंटरपर्यंत जाणारी मार्गिका विकत घेऊ शकते आणि तीही विमानतळाने दिली तर. काउंटरमागचा अधिकारी सगळ्यांना तेच प्रश्न विचारतो आणि तेवढाच वेळ घेतो.

अशी मार्गिका असलेली ठिकाणं आहेत. बँकॉकच्या सुवर्णभूमीला प्रथम आणि बिझनेस वर्गाच्या प्रवाशांसाठी प्रीमियम लेन आहे, हीथ्रोला उतरणाऱ्यांसाठी फास्ट ट्रॅक आहे. विमान कंपन्या आपल्या प्रवाशांसाठी ही सोय विमानतळाकडून घेतात, म्हणून एकाच विमानतळावर एका कंपनीच्या बिझनेस क्लासला ती मिळते आणि दुसरीच्या मिळत नाही. उतरण्याआधी केबिन क्रूला विचारावं. त्या मार्गिकेचं कार्ड द्यायचं असेल तर ते विमानातच मिळतं, हॉलमध्ये गेल्यावर कोणी देत नाही.

अमेरिकेत मात्र तिकिटाच्या वर्गावरून इमिग्रेशनची वेगळी रांग सहसा नसते. तिथे ग्लोबल एन्ट्री (आधी पडताळणी झालेल्या प्रवाशांसाठीची अमेरिकी सरकारची योजना) आहे का, एवढंच पाहतात.

सांजवारा
दुर्बीण यांच्याशी सहमत, पण एक पुस्ती जोडते. बिझनेस क्लासमुळे एक गोष्ट नक्की मिळते: विमानातून आधी बाहेर पडणं. मोठ्या विमानात तीनशेच्या वर माणसं असतात. त्यांच्या पुढे हॉलमध्ये पोचलात तर तुमच्या विमानाची गर्दी तुमच्या मागे राहते. वाटेत लागणारं पहिलं स्वच्छतागृह, फोन सुरू करून संदेश वाचणं, सहकाऱ्याची वाट पाहणं, यातलं काहीही केलं की तो फायदा गेला. मी उतरण्याच्या अर्धा तास आधीच सगळं उरकून घेते आणि बाहेर पडल्यावर थांबत नाही.

इकॉनॉमीत असाल तर पुढच्या रांगांमधली सीट थोडे पैसे देऊन घेता येते. माझ्या मते सीटसाठी दिल्या जाणाऱ्या जादा पैशांमधला हा सगळ्यात सत्कारणी लागणारा पैसा.

टिकलीटाकली
विमान पुलाला न लागता लांब उभं राहिलं आणि बस आली तर? पुढचे लोक आधी बसमध्ये चढतात आणि बस भरेपर्यंत उभे राहतात. :)

सांजवारा
टिकलीटाकली, बरोबर. म्हणून बसमध्ये आत घुसायचं नाही, दाराजवळ थांबायचं. काही कंपन्या पुढच्या वर्गासाठी वेगळी गाडी पाठवतात, तेव्हा मात्र खरंच फरक पडतो.

रानवाट
मला वाटतं चर्चा चुकीच्या टोकाने सुरू झाली आहे. 'प्रीमियम' म्हणजे महागडं तिकीट असं धरलं, तर हाती काही लागत नाही. इमिग्रेशनच्या दृष्टीने प्रीमियम प्रवासी म्हणजे ज्याची तपासणी आधीच झाली आहे तो. अधिकाऱ्याला तुमच्या सीटशी देणंघेणं नाही, त्याला तुमच्याबद्दलची खात्री हवी असते. ती खात्री घरबसल्या आधी देऊन ठेवली की काउंटरवरचा वेळ वाचतो.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी आणि ओसीआय कार्डधारकांसाठी (भारतीय वंशाचे परदेशी नागरिक) 'एफटीआय-टीटीपी' म्हणजे फास्ट ट्रॅक इमिग्रेशन, ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम आहे. २२ जून २०२४ ला दिल्लीच्या टर्मिनल ३ वर सुरू झाला, जानेवारी २०२५ मध्ये मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद, कोची आणि अहमदाबाद जोडले गेले, सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी पाच. शुल्क नाही. संकेतस्थळावर अर्ज भरायचा, पासपोर्टची पानं आणि फोटो चढवायचा, पडताळणी झाली की बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद द्यायची. ही नोंद एफआरआरओ (परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं सरकारी कार्यालय) इथे होते किंवा ठरलेल्या विमानतळांवर प्रवासाच्या वेळीच करता येते. नंतर जाताना आणि येताना दोन्ही वेळा ई-गेट. पासपोर्ट स्कॅन, चेहरा, दार उघडलं. इकॉनॉमीतल्या शेवटच्या रांगेतला माणूसही त्यातून जातो.

अर्ज करताना पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. नोंदणी पाच वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, जे आधी असेल तोवर चालते.

अबोली
रानवाट, डिजियात्रा आहे माझ्याकडे. तेच ना हे?

रानवाट
नाही अबोली, दोन्ही पूर्ण वेगळं. डिजियात्रा डिसेंबर २०२२ मध्ये देशांतर्गत उड्डाणांसाठी सुरू झाली. टर्मिनलच्या दारात आणि सुरक्षा तपासणीकडे जाताना चेहरा दाखवून आत जाता येतं. इमिग्रेशनशी तिचा संबंध नाही. अनेकांचा हा घोळ होतो आणि ते ई-गेटपाशी जाऊन परत फिरतात.

निवांत
मी एफटीआय-टीटीपी वापरतोय. परदेशातून पहाटे परतताना साध्या काउंटरसमोर तोबा गर्दी होती आणि गेटपाशी माझ्यापुढे एकच जण. ज्यांनी अजून अर्ज केला नाही त्यांनी आजच करा. फोटो नियमात बसणारा द्या, पासपोर्टचं स्कॅन स्वच्छ द्या. धूसर स्कॅनमुळे अर्ज परत येतो.

पिंपळपान
इथे थोडं वेगळं मत मांडतो. सीमेवरची तपासणी हे राज्याचं काम आहे. तिथे पैसे देणाऱ्याला पुढे घेणं मला पटत नाही. सुरक्षा तपासणीची वेगळी रांग एकवेळ ठीक, पण इमिग्रेशनचे अधिकारी मोजकेच असतात. त्यांतले दोन प्रीमियम लेनवर बसवले की साध्या रांगेतली दोन काउंटर बंद. कडेवर लेकरू घेतलेली बाई तासभर उभी आणि हलकी बॅग घेतलेला माणूस शिळ घालत पुढे, हे दृश्य बघवत नाही. गलबत, तुमच्यावर रोख नाही. तुमची अडचण खरी आहे.

दुर्बीण
पिंपळपान, तिकिटावरच्या मार्गिकेबाबत तुमचं म्हणणं मान्य. आधी नोंदणी केलेल्यांच्या गेटबाबत मात्र उलटं घडतं. ई-गेटवर एक अधिकारी एकाच वेळी अनेक गेटांवर लक्ष ठेवतो. जितके लोक गेटमधून जातील तितकी काउंटरवरची रांग हलकी होते आणि त्या लेकुरवाळीलाही लवकर सुटता येतं. म्हणून एकाच पाटीखाली या दोन गोष्टी बघू नयेत.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नवव्या परिशिष्टात शिफारस आहे, की नेहमीच्या तपासणीच्या प्रवाशांची विमानातून उतरल्यापासून सगळी प्रक्रिया ४५ मिनिटांत व्हावी. सगळ्या प्रवाशांची, फक्त पुढच्या वर्गाची नव्हे. ती पाळली गेली तर हा धागाच लागला नसता.

पिंपळपान
४५ मिनिटांची शिफारस ठाऊक नव्हती, आभार. आधी नोंदणीला माझा विरोध नाहीच. ती फुकट आणि सगळ्यांना खुली असावी. तेवढं झालं तरी पुरे.

गलबत
मंडळी, छान माहिती मिळतेय. पिंपळपान, मुद्दा पोचला. मलाही कोणाला मागे सारायचं नाही, बैठकीला वेळेवर पोचायचं आहे. अमेरिकेच्या ग्लोबल एन्ट्रीबद्दल कोणी सविस्तर सांगेल का? भारतीय पासपोर्टवर मिळते का?

चांदणवेल
मिळते. २०१७ पासून भारतीय नागरिकांना खुली आहे. माझ्याकडे आहे, म्हणून क्रमाने लिहिते.

आधी अमेरिकी सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर अर्ज. शुल्क ऑक्टोबर २०२४ पासून १२० डॉलर, नाकारलं तरी परत मिळत नाही. भारतीय नागरिकांची पडताळणी भारतातही होते, तिचा अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर वेगळा भरावा लागतो. हा टप्पा लोकांच्या लक्षात येत नाही आणि प्रकरण तिथेच अडकतं. दोन्हीकडून होकार आला की सशर्त मंजुरी, मग मुलाखत.

मुलाखतीची वेळ मिळायला महिनोन्महिने लागतात असं ऐकून बरेच जण तिथेच हात टेकतात. त्याची गरज नाही. सशर्त मंजुरी हातात असेल, तर अमेरिकेत उतरल्यावर त्याच विमानतळावर मुलाखत देता येते. मी तेच केलं. सोय असलेल्या विमानतळांची यादी संकेतस्थळावर आहे, तिकीट काढण्याआधी ती बघा.

सदस्यत्व पाच वर्षांचं. सोबत टीएसए प्रीचेक मिळतं, म्हणजे अमेरिकेतल्या सुरक्षा तपासणीत लॅपटॉप बाहेर काढायची उठाठेव कमी.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कुटुंबातल्या प्रत्येकाचं सदस्यत्व वेगळं लागतं, तान्ह्या बाळाचंही. आई-वडिलांपैकी एक जण सदस्य असेल किंवा सोबत अर्ज करत असेल, तर अठरा वर्षांखालच्यांना शुल्क नाही. दुसरं, सीमाशुल्काचे नियम मोडले तर सदस्यत्व जातं. सामानात खाण्याची वस्तू असेल तर जाहीर करायचीच, कितीही किरकोळ वाटली तरी.

खिडकीचीसीट
चांदणवेल, हे सोन्यासारखं आहे. वाचनखूण साठवली.

कडेलोट
अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी आणखी एक वाट. अबू धाबीला २०१४ पासून अमेरिकेचं प्रीक्लिअरन्स आहे, डब्लिन आणि शॅननलाही आहे. अमेरिकी इमिग्रेशन आणि सीमाशुल्क तिथेच होतं, आणि तिकडे उतरल्यावर तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे सरळ बाहेर. पुढचं जोड-उड्डाण असेल तर याचा फायदा जास्त, कारण अमेरिकेत विमान बदलणाऱ्यालाही पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन करावं लागतं. मधला थांबा मात्र ऐसपैस ठेवा. प्रीक्लिअरन्सची रांगसुद्धा रांगच असते.

टिकलीटाकली
आणि युरोप? तिकडे आता बोटांचे ठसे घेतात म्हणे. आमच्या ओळखीचे एक काका तर बोटांना क्रीम लावून तयारी करतायत. :)

दुर्बीण
टिकलीटाकली, काकांना सांगा, बहुधा गरज पडणार नाही. :) युरोपची नवी एन्ट्री-एक्झिट व्यवस्था १२ ऑक्टोबर २०२५ ला सुरू झाली. शेंगेन क्षेत्रातले (आपसांत सीमा-तपासणी नसलेले) २९ देश तिच्यात आहेत. अल्पकाळासाठी येणाऱ्या बिगर-युरोपीय प्रवाशांच्या पासपोर्टवर शिक्का मारायच्या ऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि ठसे नोंदवायचे, अशी ती पद्धत. पण ज्यांना व्हिसा लागतो त्यांचे ठसे व्हिसाच्या वेळीच घेतलेले असतात, त्यामुळे या नोंदीत ते पुन्हा साठवत नाहीत, चेहऱ्याचा फोटो तेवढा घेतात. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत.

पहिल्या वेळी नोंदणीला वेळ लागतो. पुढच्या खेपेला नोंद तयार असते. तेव्हा युरोपला पहिल्यांदा उतरताना बैठक त्याच सकाळी ठेवू नका, मग तिकीट कुठल्याही वर्गाचं असो.

सांजवारा
ब्रिटनचं सांगते. ई-गेट ठरावीक देशांच्या पासपोर्टना आहेत: ब्रिटन आणि युरोपीय संघ, शिवाय अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, सिंगापूर, दक्षिण कोरिया अशी यादी. दहा वर्षांवरची मुलं चालतात. भारतीय पासपोर्ट त्या यादीत नाही, म्हणून आपल्याला काउंटरच. तिथे मात्र बिझनेस क्लासचा फास्ट ट्रॅक कामाला येतो. ज्यांना ई-गेट उघडे आहेत ते बहुतेक वेळा फास्ट ट्रॅकच्याही आधी बाहेर पडतात.

गलबत, म्हणजे तुमच्या मूळ प्रश्नाला पासपोर्टप्रमाणे उत्तर बदलतं.

रानवाट
+१. आणि परत निघताना ब्रिटन-अमेरिकेत इमिग्रेशनचं काउंटरच नसतं, विमान कंपनी माहिती कळवते. तिथे जाताना मिळणारा फास्ट ट्रॅक फक्त सुरक्षा तपासणीचा. कोणी 'इमिग्रेशन फास्ट ट्रॅक' म्हणून तिथून निघण्यासाठी सोय विकत असेल तर नीट विचारून घ्या.

अबोली
सिंगापूरला फार छान अनुभव आला. आगमन कार्ड तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरलं होतं, फुकट असतं. उतरल्यावर स्वयंचलित लेन, पासपोर्ट ठेवला, चेहरा दाखवला, बाहेर. परदेशी पाहुण्यांना वेगळी नोंदणी लागत नाही. शिक्का नाही, ईमेलवर पास येतो. सहा वर्षांवरची मुलं त्याच लेनमधून जातात. माझ्या लेकाला ते दार इतकं आवडलं की तो परत आत जायचं म्हणत होता. :)

थायलंडलाही १ मे २०२५ पासून डिजिटल आगमन कार्ड आहे, तेही तीन दिवसांच्या आत. ते न भरता जाणारे हॉलच्या कोपऱ्यात उभे राहून फोनवर भरत असतात. बिझनेस क्लासवालेही असतात त्यांत!

निवांत
अवांतर: गेटवर पासपोर्ट ठेवताना कव्हर काढा. टोपी आणि मास्क काढा, फोटोच्या पानावर स्टिकर असेल तर तोही. मागे उभे राहिलात की दिसतं, निम्मी खोळंबणारी माणसं पासपोर्ट कव्हरातून काढत असतात.

ओंजळ
मी वेगळ्याच कारणाने लिहितेय. आईला गुडघ्यांमुळे व्हीलचेअर लागते. तिला खरंच उभं राहवत नाही. एका परदेशी विमानतळावर व्हीलचेअरवाल्यांची रांग साध्या रांगेपेक्षा मोठी होती. विमानात दणदणीत चालत शिरलेली माणसंही तिच्यात होती. ढकलणारे मदतनीस कमी, खुर्च्या कमी, आणि आई औषधाच्या वेळेला अडकलेली. कृपया कोणीही लवकर सुटायचा उपाय म्हणून व्हीलचेअर मागू नका. ज्याला लागते त्याच्याकडून ती काढून घेतली जाते.

पिंपळपान
ओंजळ, अगदी मनातलं लिहिलंत. आई कशा आहेत आता?

ओंजळ
बऱ्या आहेत, धन्यवाद. पुढच्या वेळी मी तिच्यासाठी भेटून सोबत करणारी सेवा घेतली. दुबईला मरहबा, दोह्याला अल महा अशा सेवा असतात. माणूस विमानाच्या दाराशी पाटी घेऊन उभा असतो, ठरलेल्या मार्गिकेतून नेतो, पट्ट्यावरून सामान उचलतो. ज्येष्ठांसाठी हा पैसा मला अजिबात जड वाटला नाही. कागद तपासायचे ते तपासतातच, पण भाषा न येणाऱ्या एकट्या बाईला मोठा आधार होतो.

गलबत
ओंजळ, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सासूबाई पुढच्या महिन्यात एकट्या येणार आहेत, त्यांच्यासाठी बघतो. ही सेवा घेताना काय विचारावं?

ओंजळ
एकच नेमकं विचारा: इमिग्रेशनची वेगळी मार्गिका यात आहे का, की माणूस फक्त साध्या रांगेत सोबत उभा राहणार? दोन्ही प्रकार एकाच नावाने विकले जातात. उत्तर लेखी घ्या. आणि उड्डाणाला उशीर झाला तर ते थांबतात का, हेही विचारा.

कडेलोट
अजून एक राहिलं. एपेक (आशिया-प्रशांत आर्थिक सहकार्य गट) बिझनेस ट्रॅव्हल कार्ड. आशिया-प्रशांत भागातल्या १९ अर्थव्यवस्थांमध्ये पूर्ण चालतं, वेगळी मार्गिका मिळते आणि अल्पकाळच्या व्यावसायिक भेटीला व्हिसाही लागत नाही. भारत एपेकचा सदस्य नाही, म्हणून आपल्या पासपोर्टवर नाही. पण इथे ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, न्यूझीलंडचं नागरिकत्व घेतलेले बरेच आहेत, त्यांनी जरूर बघावं. पाच वर्षं चालतं.

खिडकीचीसीट
इमिग्रेशन दहा मिनिटांत उरकलं आणि सामानाच्या पट्ट्यापाशी चाळीस मिनिटं गेली तर काय उपयोग? गलबत, बैठकीच्या प्रवासाला केबिन बॅगच न्या. प्रायॉरिटीचा टॅग लावलेलं सामानही आधी येईलच असं नाही.

सांजवारा
आणि उड्डाणाची वेळ बघून तिकीट काढा. मोठ्या विमानतळांवर लांब पल्ल्याची विमानं लाटेसारखी येतात, पहाटे तर एकामागून एक. पर्याय असेल तर दुपारी उतरणारं उड्डाण घ्यावं. हॉल निम्मा रिकामा असतो आणि त्यासाठी जादा काही मोजावं लागत नाही.

गलबत
सगळ्यांचे मनापासून आभार. एफटीआय-टीटीपीचा अर्ज आज भरायला घेतला. ग्लोबल एन्ट्रीचाही भरणार, चांदणवेल यांनी सांगितलेल्या भारतातल्या पडताळणीसकट. एक शंका उरली. माझ्या पासपोर्टची मुदत सात-आठ महिन्यांत संपतेय. आधी नोंदणी करू की आधी पासपोर्ट नवा करू?

रानवाट
आधी पासपोर्ट. एफटीआय-टीटीपीची नोंदणी पासपोर्टबरोबरच संपते, आत्ता केलीत तर काही महिन्यांत पुन्हा सगळं करावं लागेल. अर्ज अर्धवट भरला असेल तर तसाच राहू द्या.

चांदणवेल
ग्लोबल एन्ट्रीलाही तेच सांगेन. तिथे सदस्यत्व मिळाल्यावर नवा पासपोर्ट खात्यात बदलून घेता येतो, पण तुमचा अर्ज अजून गेलेलाच नाही, तर नव्या क्रमांकावरच करा. भारतातली पडताळणीही पासपोर्टवरूनच होते. नवा पासपोर्ट हातात आला की इथेच लिहा, मुलाखतीची सोय असलेले विमानतळ तुमच्या मार्गावर कुठे लागतात ते मिळून बघू.